माप दुसरीनं धरावं

प्रिय सुला,

तुझ्या धुळाची नोकरी आईमुळे हुकली म्हणून तू तिच्याशी बोलत नाहीस, हे कानावर आलं. तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण नैरोबीच्या त्या बैठकीत तुझ्या आईचं, अक्काचं बोलणं इंग्रजीत सांगायला मी तिच्या शेजारीच बसले होते. जे पाहिलं, ते सांगते.

हवामान निधीच्या त्या मंडळावर अक्कासारख्याच जगभरातल्या आदिवासी आणि पशुपालक बायका आहेत. पैसा कुठल्या कामाला द्यायचा, हे त्या ठरवतात. तुमच्या जतच्या गायरानाला कुंपण घालून झाडं लावायचा प्रस्ताव निघाला, धुळाला तिथंच देखरेखीचं काम मिळणार होतं, तशी अक्का खुर्चीतून उठली. मला वाटलं, पाणी हवं असेल. ती म्हणाली, "ही माझ्या गावची गोष्ट, त्यात जावईबी हाय. आता माप दुसरीनं धरावं."

तुला वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून मिळालेली ज्वारी बिऱ्हाडात वाटताना, मापणाऱ्या बाईचा वाटा दुसरीच मापते. मी ते इंग्रजीत सांगताना अडखळले. पण पार उत्तरेकडच्या बर्फात रेनडिअर पाळणारी मंडळावरची एक म्हातारी लगेच उठली आणि माप धरायला अक्काच्या खुर्चीत जाऊन बसली.

मग अर्जदार उभे राहतात तिथं जाऊन अक्कानं विचारलं, "झाडं लावा की. पर सगळ्या गायरानाला कुंपण? मेंढरं काय आभाळात चारायची? अन् आमाला कुणी इचारलं?" प्रस्ताव आणणाऱ्या साहेबांनी जावयाच्या नोकरीची आठवण करून दिली. "जावई लय गुणाचा हाय माझा," ती म्हणाली, "पर त्याच्या एका पगारापायी साऱ्या तालुक्याची मेंढरं कुठं न्हेऊ?" मत तिनं दिलं नाही. बाकीच्यांनी प्रस्ताव परत पाठवला, आधी मेंढपाळ बायकांना विचारून या म्हणून. आता मंडळाचा तो नियमच झालाय. जिच्या गावचा प्रश्न, तिनं बोलावं, मत देऊ नये. मोठमोठ्या बँकांचे लोक तो नियम वाचतात, तेव्हा मला अक्काचं ते उठणं दिसतं.

परवा साताऱ्याजवळ तिचं बिऱ्हाड उतरलंय म्हणून भेटायला गेले. घोड्याला दाणे चारता चारता म्हणाली, "संयोगिता, माझा राजीनामा लिव. लेक बोलत न्हाई, तर ती खुर्ची काय जाळायची हाय?" विश्रामबागेत घरी येऊन लिहायला बसले, आणि कागदावर तुझंच नाव आलं. तिचं बरोबर होतं असं तू म्हटलं नाहीस तरी चालेल. भांडायला फोन कर, पण कर. त्यानंतरही ती म्हणालीच, तर राजीनामा लिहून देईन.

तुझीच,
संयोगितामावशी