जुईची रांगोळी लखनौला पोचली

महानगर, लखनौ

चि. जुईस,
तुझ्या अजून अप्रसिद्ध असलेल्या ताईचे आशीर्वाद.

फोन केला नाही, आवाजावरून तुला सगळं कळलं असतं. माझं छान चाललंय. आईला सांग, वेळेवर जेवते.

गणपतीत तू दारात सिनेमाच्या हिरोची रांगोळी काढलीस आणि तो हुबेहूब आपल्या मधुसूदनकाकांसारखा झाला, त्याचा फोटो इथल्या हिंदी पेपरात ‘अजब-गजब’मध्ये आलाय. शेजारी नवरदेवाचा हार खाणाऱ्या बोकडाची बातमी आहे. बोकडाचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा आहे, तेवढंच समाधान.

मेसवाल्या आंटी तो पेपर मलाच दाखवायला आल्या. “देखो बेटा, इसे कहते हैं कलाकार.” मी इथे चित्रकला शिकायला आलेय, हे त्या बहुतेक विसरल्या.

कॉलेजात सरांनीही तो फोटो वर्गाला दाखवला. सगळे हसले, पण सर म्हणाले, “हाथ देखो, ज़रा भी नहीं डरा.” माझ्या हाताबद्दल ते काय म्हणतात, ते विचारू नकोस. तू माझी बहीण आहेस, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

काका रागावलेत का? की मिशीला पीळ देत गल्लीभर फिरतायत?

लहानपणी रेषा मी काढायचे, तू नुसते रंग भरायचीस. डोळे काढायची वेळ आली की तुला आत पाठवायचे, तू बघून शिकशील या भीतीने.

दिवाळीला येतेय. या वेळी रेषा तू काढ, रंग मी भरीन. फक्त डोळे काढताना मला आत पाठवू नकोस.

तुझीच,
सावनीताई