उंच होण्यासाठी धरलेला उपास

जबलपूर,
बुधवार

प्रिय मेघा,

अंतरा बरी आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. आज सकाळी तिच्या लघवीत बुडवलेली कीटोनची पट्टी फिकटच राहिली. बोटातलं रक्त तपासलं, साखरही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या किमान आकड्याच्या वर होती, म्हणजे ठीक. नातसाहेब शाळेत गेल्या आहेत, तोवर लिहून घेते. फोनवर बोलायचं म्हटलं तर ती माझ्या पदराला धरून उभी असते, आणि तू मध्येच रडायला लागतेस.

महालक्ष्म्यांच्या दिवशी तिला उलट्या झाल्या, सलाईन लावावं लागलं, एवढंच मी तुला सांगितलं होतं. तू भोपाळहून निघायला तयार होतीस, मीच थांबवलं. बँकेतली नवी जागा, स्वप्निल तिकडे सीमेवर. धावत येऊन तू करणार काय होतीस? जे करायचं ते डॉक्टरांनी केलं होतं.

आता सगळं सांगते. इथल्या गढा भागात विनतावहिनींकडची रीत तुला माहीत आहे. सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि नैवेद्य होईपर्यंत घरातलं कुणी घास तोंडात घालायचा नाही, मग दुपार टळली तरी. मी वहिनींना आधीच बजावलं होतं की अंतराला हे चालणार नाही. तिच्यासारख्या न वाढणाऱ्या मुलांच्या अंगात साठाच नसतो. एक खाणं चुकलं की शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन वाढतात आणि मागोमाग साखर उतरते. वहिनी म्हणाल्या, "काहून इतकी घाबरतेस? तुझं तू पाह्य बाई, देवीसमोर नको चारू म्हणजे झालं." म्हणून मी तिला मागच्या खोलीत शिऱ्याचा डबा दिला, नंतर पुन्हा एकदा भरून दिला. दोन्ही वेळा रिकामा डबा आणून तिने माझ्यासमोर ठेवला. मी पुरण वाटत होते.

दुपारी बाकीच्या पोरी फुगड्या घालत होत्या आणि ही भिंतीला टेकून बसली होती. हाक मारली तर मान वळवायलाही तिला वेळ लागला. पट्टी गर्द जांभळी झाली. तसा रंग मी आजवर डबीवरच्या चित्रातच पाहिला होता. साखर आकड्याच्या खाली. साखरपाणी पाजलं, ते ओकली. वहिनी मीठमोहऱ्या आणायला धावल्या, "नजर लागली असंन." मी ऑटो बोलावला आणि तिला उचलून नेपियर टाउनला डॉक्टरांकडे नेलं. उचलताना जाणवलं, सात वर्षांच्या मुलीचं वजन म्हणावं असं काही हातांना लागतच नव्हतं.

ग्लुकोज चढल्यावर संध्याकाळी तिने डोळे उघडले. तोंडावर चक्क विजय होता. म्हणाली, "आजी, मैंने कुछ नहीं खाया, सच्ची. शिरा मागच्या दारी गाईला दिला. आता मी अवंतिकाएवढी होईन ना?" अवंतिका म्हणजे तिच्या वर्गातली, उंच म्हणून शेवटच्या बाकावर बसणारी. हळदीकुंकवाला आलेल्या कुणा बाईने लाडाने सांगितलं होतं, आज उपाशी राहून मागितलं की महालक्ष्मी देतेच.

त्या बाईवर मी रागावले नाही. आपल्या घरात दूध पी, उंच होशील. झोप लवकर, उंच होशील. वाढीची रोजची सुई तू टोचायचीस ती हेच सांगून, आणि मला शिकवलीस तीही हेच सांगून. पोरीने आणखी एक उपाय केला, इतकंच. पण हा उपाय ती पुन्हा करेल. नवरात्र येईल, शिवरात्र येईल. शाळेत डबा कुणाला देऊन टाकते ते मी बघायला जाणार नाही. पट्टी मला नंतर सांगते, आधी नाही.

म्हणून तिथेच, हाताला सुई असताना, मी तिला सांगितलं. नाही, अवंतिकाएवढी तू होणार नाहीस. सुईने थोडी वाढशील, पण लहानखुरीच राहशील. उपाशी राहिलीस तर तेवढीही वाढणार नाहीस, आणि आजच्यासारखं इथे यावं लागेल. तिने रडावं अशी माझी तयारी होती. रडली नाही. छताकडे बघत तिने विचारलं, "तो मम्मी झूठ बोलती है?"

तुझ्या मुलीला तुझ्याबद्दल मी काय सांगावं? मम्मीलाच विचार म्हटलं. रविवारी तू व्हिडिओ कॉल करशील तेव्हा विचारीन, म्हणाली, आणि ती विसरणारी नाही. पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे, शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडावं. तिच्यासमोर रडलीस तरी चालेल. खोटं मात्र बोलू नकोस.

तुझीच,
आई