बाबुराव अघरुं आहेत

अमळनेर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. हेमराज यास आईचे अनेक आशीर्वाद, सूनबाई नूतनलाही.

वि. वि. एका डोळ्याने लिहिते आहे, ओळी उतरत्या गेल्या तर सांभाळून वाच. संक्रांतीपासून तुझा फोन नाही. मी केला की कारखान्यात लूमवर आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

तुझ्या चुलत आत्याच्या नणंदेचे यजमान बाबुराव परवा बाजारात भेटले. तू रोज सकाळी फोन करून त्यांच्या पित्ताची चौकशी करतोस म्हणे. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. माझे कोरडेच राहिले.

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चोवीस तारखेला धुळ्याला ठरलंय. तू येणार का, एवढं कळव.

लोभ आहेच, थोडा इकडेही वळव.
तुझी आई, शोभाबाई

डिंडोली, सुरत, ९ फेब्रुवारी

ती. आईस हेमराजचा शि. सा. न.

रागावू नकोस. चुलतभावाच्या लग्नात मी आचाऱ्याच्या पाया पडलो आणि बाबुरावांना पाणी आणायला पिटाळलं, ते तू पाहिलंच होतंस. नूतन आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

शेजारची गायत्री परीक्षेसाठी मोबाइलमध्ये एक ॲप वापरते. प्रश्न येतो. उत्तर आठवलं तर तो लांबच्या तारखेला जातो, नाही आठवलं तर उद्या परत हजर. मी त्यात प्रत्येक नातेवाइकाचं एक कार्ड केलं. फोटो येतो, आपण नाव, नातं आणि दुखणं सांगायचं. ज्याचं चुकेल त्याला लगेच फोन, म्हणजे डोक्यात पक्कं बसतं.

तुझा फोटो आला की मी धडाधड सांगतो. एकदाही चुकलो नाही, त्यामुळे तुझं कार्ड आता थेट पुढच्या वर्षीच्या आखाजीच्या सणाला येतं. एवढा मान घरात दुसऱ्या कोणालाच नाही. बाबुराव मात्र फार अघरुं आहेत, काय करणार.

राहिलं ऑपरेशन. तुझ्या कार्डावर 'दुखणं नाही, कशालाच घाबरत नाही' असं लिहिलंय. मग मी येऊन काय करू?

चुकलंमाकलं पोटात घाल, माया पातळ करू नकोस.
तुझा हेमराज

अमळनेर, १५ फेब्रुवारी

चि. हेमराज यास आशीर्वाद.

बाबुराव अघरुं आहेत हे वाचून माझा जीव कळवळला. म्हातारपणी माणसाचं घर गेलं आणि गावात कोणाला पत्ता नाही. मी ओसरीत खाट टाकून त्यांना बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, हे तूच सांगितलंस. लगेच पिशवी घेऊन आले. काल त्यांची बायको सरलाबाई दारात उभी राहून विचारत होती, आमचं दुमजली घर काय पडलंय का म्हणून. मग पेठेतल्या पटेलांच्या सुनेने सांगितलं, की अघरुं म्हणजे गुजरातीत अवघड. माझी शोभा व्हायची ती झाली. बाबुराव अजून जायचं नाव घेत नाहीत. सकाळी तुझा फोन आता माझ्याच ओसरीत येतो. मी जवळ बसून तुझा आवाज ऐकते.

तू केलेलं माझं कार्ड मात्र साफ चुकलंय. मी कशालाच घाबरत नाही, हे तुझे वडील गेले तेव्हा तुम्ही मुलांनी ठरवून टाकलंत. मला कोणी विचारलं नाही. ऑपरेशन जागेपणीच करतात, असं डॉक्टर म्हणाले. हेमराज, मला फार भीती वाटते. हात धरायला कोणी हवं आहे.

मलाही अघरुंमध्ये टाक, बाबा.
शोभाबाई

डिंडोली, सुरत, १९ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

तुझं पत्र वाचून तुझ्या फोटोखाली 'चूक' दाबलं. मोबाइल म्हणाला, उद्या. मी शेठकडे आठवड्याची रजा मागून घेतली. शनिवारच्या भुसावळ गाडीने निघतो. धुळ्याला तुझ्यासोबत मी असेन आणि डॉक्टर हाकलतील तोवर हात सोडणार नाही.

तुला भीती वाटते, हे कार्डावर लिहायला घेतलं होतं. मग नाही लिहिलं. तेवढं माझं मी लक्षात ठेवतो.

भेटीअंती उरलेलं बोलू.
तुझा हेमराज