मुलींची शेवटची स्पर्धा

डे मॉइन, मार्च १९२५

प्रिय बाबा,

मी खुशाल आहे, घोटा जरा सुजलाय एवढंच. फायनल आम्ही जिंकलो! पण बक्षीस देतानाच शाळांच्या क्रीडा संघटनेचे साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून राज्य स्पर्धा फक्त मुलांची. बास्केटबॉल मुलींच्या नाजूक शरीराला झेपत नाही."

माझं डोकंच फिरलं. भर सभेत विचारलं, "पहाटे थंडीत गाईंच्या धारा काढते, तेव्हा कुठे जातं हो हे नाजूक शरीर?"

आमच्या बाई दटावत होत्या, "ऑर्फा, गप्प बस!" मी साहेबांच्या हातून चषक ओढूनच घेतला.

आईचा खोकला थांबला का? धाकटी लुएला हे ऐकून रडेल. रडू द्या, पण तिचा सराव बंद करू नका. पुढच्या मार्चमध्ये तिला घेऊन मी त्या साहेबांच्या दारात उभी राहणार आहे.

तुमची, अजून धुमसत असलेली,
ऑर्फा