प्रसन्नची खाट

अल कुसैस, दुबई
शुक्रवार, १३ मार्च १९९८

ति. कुंदाताईस,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

आम्ही तिघं खुशाल. तुझी कंबर कशी आहे? सांडगे पोचले, ऋताने कच्चेच अर्धे संपवले.

आमच्याकडे अजून आठवड्याला दोन रविवार! इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. पण ह्यांच्या मते प्रभूचा दिवस तो प्रभूचाच. म्हणून रविवारी ऑफिसातून आल्यावरही चूल नाही, खरेदी नाही, टीव्ही नाही. शिळी भाकरी मात्र दोनदा.

ऋताच्या शाळेत नाटक झालं. फार पूर्वी अमेरिकेत जाऊन राहिलेलं एक प्युरिटन, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथाचं जोडपं, त्यात ही बायको. ह्यांच्या जुन्या शर्टातून मी तिला पांढरी टोपी आणि रुंद कॉलर शिवून दिली. हे खूश. "नगरला आपल्याकडे आलेले मिशनरीसाहेब ह्या प्युरिटनांच्याच वंशातले!" मला मात्र त्या बाईने झपाटलंय. जहाजावर चढताना ती तान्हं पोर बहिणीपाशी ठेवते.

तेव्हापासून ती दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येते. बाहेर रेतीने आभाळ पिवळं, एसी घुमतोय, आणि ती ओल्या घागऱ्यानिशी ओट्याशी उभी. आम्ही बोलत नाही. मी तिला चहा देते. कधी वाटतं, समुद्र दारापर्यंत आलाय आणि पलीकडच्या काठावर तू आमच्या प्रसन्नला कडेवर घेऊन उभी आहेस. दीड वर्षाचाच. तो काही मोठा होत नाही. वेडी म्हण हवं तर.

गेल्या रविवारी हे घरी आले नि म्हणाले, "यल्ला, चला. प्रसन्नला खाट घ्यायचीय." रविवारी खरेदी! दुकानातल्या हमीदने विचारलं, "बच्चा कितना बड़ा है, भाईसाब?" ह्यांनी गुडघ्याजवळ हात धरला. हमीदने कठड्याची छोटी खाट पुढे ओढली. मी तिच्यावरून हातही फिरवला. ऋता ओरडली, "पप्पा, ही इज सेव्हन!"

ह्यांचा हात तसाच राहिला. त्याची छाती नाजूक, इथल्या धुळीत टिकायचा नाही, म्हणून त्याला तुझ्याकडे ठेवलं. त्यानंतर ह्यांनी त्याला फोटोतच पाहिलंय. मी तर दोन वर्षांपूर्वी येऊन गेले, तरी मलाही तो तेवढाच.

मोठी खाट घेतली. ताई, आता छाती बरी आहे म्हणून अर्ज केला होता, त्याचा व्हिसा आलाय. हेच लिहायचं होतं, जमेना म्हणून आधीची पत्रं फाडून टाकली. परवा फोनवर त्याने तुला हाक मारली, "आई, दुबईच्या आईचा फोन!" तू गडबडून गेलीस. मी रागावले नव्हते गं. त्याच्यावाचून तुझ्या घरात दुसरं कोण आहे, या विचाराने मी फोन ठेवून दिला.

नाटकातल्या बाईचं पोर पुढे तिच्याकडे आलं का, असं ऋताला विचारलं. "डोन्ट नो, मम्मी. प्ले एंड्स देअर."

तुझाही व्हिजिट व्हिसा काढलाय. शाळा संपली की दोघं या. विमानतळावर तो तुझ्या पदरामागे लपेल. लपू दे. "जा आईकडे" म्हणून पुढे ढकलू नकोस. तुला सोडून राहायचं नाही म्हणाला, तर जाताना त्याला घेऊन जा. मी भांडणार नाही. रडेन मात्र भरपूर. पण त्याची खाट मांडलेलीच ठेवेन.

तुझी धाकटी,
कमलिनी

प्रसन्नला गोड पापा. कोणाचा म्हणून विचारलं, तर दुबईच्या आईचा म्हण.