चार दारांची कुरकुर

सोमवार, ३ मार्च
दिवाळखोरासारखा तोंड लपवून होतो, जानेवारीपासून एक ओळ लिहिली नाही. उशिराबद्दल माफी असावी. वाचणारा मीच, तरी मागितलेली बरी.
आज मुलाचा फोन. रविवारी येतो म्हणाला, त्या कुरकुरणाऱ्या डब्याचा निकाल लावू, भंगारवाला बघून ठेवलाय. डबा म्हणे. इंजिन ठणठणीत आहे, वाजतात ती फक्त दारं. रविवारपर्यंत चारही गप्प करणार. गाडी जाऊ देणार नाही.

मंगळवार
आधी निदान. हिला मागच्या सीटवर बसवलं, आवाज कुठून येतो ते ऐकायला. मी दाराची उघडमीट केली. आधी म्हणाली पुढून, मग म्हणाली खालून, मग काहीच म्हणेना. डोळा लागलेला. एवढ्यात झोप लागते म्हणजे आवाज फारसा नाहीच.

बुधवार
बिजागऱ्यांत गोडेतेल. फरक आहे.
संध्याकाळी मुंग्या. आवाजही वाढला. तेल मुरताना असं होतंच.

गुरुवार
दोष रबराचा निघाला. मेणबत्ती घासली. आता दार वाजत नाही, कारण उघडत नाही.

शुक्रवार
उघडलं. हँडल हातात आलं. आधीच ढिलं असणार.
हिला म्हटलं, गाडी गेली तर दिवसभर मी करू काय? म्हणाली, "मग दोन दिवस तिला हात लावू नका." मशीनरीतलं हिला काय कळतंय.

शनिवार
दुपारी झोपून उठलो तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक फाटकातून बाहेर पडत होता. हात काळे, बगलेत ग्रीसचा डबा. ही म्हणाली, पाणी प्यायला आला होता. गाडीपाशी गेलो. चारही दारं लोण्यासारखी. मेण मुरायला वेळ लागतो, हे आज कळलं. हँडलही जागेवर; मीच बसवलं असणार.

रविवार
मुलाला दारं उघडून दाखवली. परत दाखवली. ॲव्हरेज सांगितलं. अजून दहा वर्षं ओढेल म्हणालो. ही मागून खुणा करत होती, मी लक्ष दिलं नाही.
मुलगा म्हणाला, "अप्पा, ही भंगारात घालायची नाही." ऊर भरून आला.
मग म्हणाला, "तुमच्या सुनेला ऑफिसला जायला गाडी हवीच होती. मीच घेऊन जातो."
चार वाजता गेली. जाताना जराही वाजली नाही.
अंधार पडला, पोचल्याचा फोन नाही. बाबा रे, लवकर कळव. दारं वाजायला लागली तर तेही कळव. लगेच येऊन घेऊन जाईन.