फाटकाची घंटा

रत्नागिरी, मंगळवार

तो माणूस आज तिसऱ्यांदा आला. मी रेल्वेचं फाटक लावलं की घंटेजवळ मोबाईल धरून उभा, गाडी जाईपर्यंत. छंद म्हणे. फाटकाच्या घंटेचा कुणाला छंद असतो? मला वाटलं, साहेबांनीच पाळतीवर ठेवलाय. म्हणून आज फाटक जरा आधीच लावलं आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी विचारलंच, कुठकुठली फाटकं बघता?

"कायमची बंद व्हायची असतात तीच, काका. मग ही घंटा ऐकायला मिळायची नाही."

गेल्या आठवड्यात दोघं टेप लावून इथला रस्ता मोजत होते. गटाराचं काम आहे, असं साहेब म्हणाले. त्या बोलण्यावर शंका घ्यायचं मला सुचलंच नाही. आणि खरं सांगणाऱ्याला तीन दिवस साधं पाणी विचारलं नाही.